स्वभाव मोजायचा तर

१९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा जाडजूड शब्दकोश पिंजून काढला आणि माणसामाणसांतला फरक सांगणारा जो जो शब्द दिसला तो टिपून ठेवला. यादी १७,९५३ शब्दांवर जाऊन थांबली. मग निवडानिवड सुरू झाली. ‘घाबरलेला’ किंवा ‘खूश’ हे त्या घटकेपुरतं, म्हणून बाजूला. ‘थोर’, ‘नालायक’ अशा शब्दांत माणसाच्या वर्णनापेक्षा बोलणाऱ्याचा शेराच जास्त, म्हणून तेही बाजूला. अंगकाठीचे आणि कुठेच न बसणारे शब्द वेगळ्या ढिगात गेले. माणसाचा टिकाऊ स्वभाव सांगणारे म्हणून जे उरले ते ४,५०४.

काम कारकुनी वाटतं खरं, पण त्यामागचा विचार धाडसाचा होता आणि तो या दोघांच्याही आधीचा. फ्रान्सिस गाल्टनने १८८४ साली रॉजेटच्या ‘थिसॉरस’ची पानं चाळून अंदाज बांधला होता की इंग्रजीत स्वभाव सांगणारे निदान हजारभर शब्द असावेत, प्रत्येकाची छटा वेगळी, तरी बराचसा अर्थ शेजारच्या शब्दांशी वाटून घेतलेला. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या संगतीत राहतात, सोयरिकी जुळवतात, उसने पैसे देतात, भागीदारीत दुकान काढतात. समोरच्याच्या ज्या गुणाने आपलं काही बनतं किंवा बिघडतं, त्याला भाषेत कधी ना कधी नाव पडतंच. मराठीत पाहा: भिडस्त, हेकट, घुम्या, सोशिक, चेंगट, उधळ्या, आगाऊ, मनमोकळा, आतल्या गाठीचा. खवचट आणि कुजकट यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणं रांगेने मांडली, तीही एक प्रकारची स्वभावनोंदच. रामदासांना मात्र वाचणाऱ्याने ती लक्षणं सोडावीत असं वाटत होतं. मानसशास्त्रज्ञांचा प्रश्न कोरडा होता: या साडेचार हजार शब्दांत खरोखर वेगळ्या गोष्टी किती?

तो सोडवायची युक्ती अशी. पाचशे माणसं घ्या. त्यांना ओळखणाऱ्यांना विचारा की हा माणूस किती बडबड्या, किती मिळूनमिसळून वागणारा, किती वक्तशीर, किती टापटिपीचा. प्रत्येक शब्दाला एक ते पाच गुण. आकडे हाती आले की दिसतं, बडबड्याला ज्यांना जास्त गुण पडले त्यांनाच बहुधा मिळूनमिसळून वागण्यालाही जास्त पडलेत. वक्तशीरपणा आणि टापटीप हीदेखील अशीच जोडीने फिरतात. पण बडबड्या माणूस वक्तशीर असेल की नसेल हे त्याच्या बडबडीवरून सांगता येत नाही. दोन गुणांची ही साथसंगत एका आकड्यात मांडतात, त्याला सहसंबंध म्हणतात. साथ पूर्ण असेल तर तो १, काहीच नसेल तर ०, नेमकी उलट असेल तर उणे १. शेकडो शब्दांच्या अशा हजारो जोड्यांमधून एकत्र फिरणारे घोळके वेगळे काढायच्या गणिताला घटक विश्लेषण हे नाव आहे. चार्ल्स स्पिअरमनने ते विसाव्या शतकाच्या आरंभी बुद्धीच्या अभ्यासासाठी घडवलं होतं.

स्वभावाच्या अभ्यासात ते जोमाने वापरलं रेमंड कॅटेलने. हा मूळचा इंग्लंडचा, पहिली पदवी रसायनशास्त्राची, पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्थिरावला. ऑलपोर्ट-ऑडबर्टच्या ४,५०४ शब्दांमधले समानार्थी गाळत तो १७१ वर आला आणि तिथून ३५ गटांवर. इतकी छाटणी करण्यामागे शास्त्रीय कारण थोडं आणि व्यवहाराचं जास्त होतं. १९४० च्या दशकात ही गणितं हातानं करायची, ३५ च्या वर गेलं की आकडेमोड आवाक्याबाहेर जाई. शेवटी त्याने १६ घटक जाहीर केले आणि १९४९ मध्ये त्यांवर बेतलेली चाचणी बाजारात आणली.

गंमत पुढे झाली. टेक्सासमधल्या लॅकलँड हवाई तळावर अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल हे दोघे हवाई दलासाठी काम करत होते. त्यांनी कॅटेलचेच ३५ गट घेऊन वेगवेगळ्या आठ समूहांची आकडेवारी पुन्हा तपासली. या समूहांत साधे हवाई सैनिक होते, तसे विद्यापीठातले विद्यार्थीही. सोळा घटक काही दिसेनात. प्रत्येक वेळी पाचच वर येत. १९६१ मध्ये त्यांनी हे एका तांत्रिक अहवालात लिहिलं आणि तो अहवाल लष्करी कपाटात पडून राहिला. मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून यायला १९९२ उजाडलं. मधल्या काळात वॉरन नॉर्मनला पाच सापडले, ओरेगनमध्ये लुईस गोल्डबर्गला पाच सापडले आणि त्यानेच १९८१ मध्ये त्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हटलं. बाल्टिमोरचे पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले. त्यांची २४० विधानांची प्रश्नावली १९९२ पासून या क्षेत्रात जवळजवळ प्रमाण मानली जाते.

पाचांतला पहिला बहिर्मुखता: माणसांत रमणं, बोलणं, पुढाकार, उत्साह. दुसरा सौजन्य: दुसऱ्यावर विश्वास टाकणं, जुळवून घेणं, मायाळूपणा. तिसरा कर्तव्यदक्षता: शिस्त, चिकाटी, हातात घेतलेलं तडीस नेणं. चौथ्याला भावनिक अस्थिरता म्हणू. काळजी, चिडचिड, खचून जाणं किती लवकर आणि किती वेळा होतं ते यात येतं. पाचवा नव्याबद्दलचा खुलेपणा, म्हणजे कल्पना, कला, अपरिचित विचार यांची ओढ. या पाचव्यावरून संशोधकांत सगळ्यात जास्त वाद झाले. कुणी त्याला बुद्धी म्हटलं, कुणी सुसंस्कृतपणा. पुढे मायकेल अ‍ॅश्टन आणि किबिओम ली यांनी प्रामाणिकपणा आणि नम्रता मिळून सहावा घटक हवा असं दाखवलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. गोड बोलून टोपी घालणारा माणूस पाच घटकांच्या चौकटीत नीट पकडला जात नाही आणि असा माणूस ओळखता येणं ही तर रोजची गरज.

यातला प्रत्येक घटक म्हणजे एक लांब रेघ आहे. टोकाला थोडी माणसं, मधे गर्दी. उंचीचं जसं असतं तसंच. आणि हे पाच घटक म्हणजे वर्णन आहे, कारण नाही, हे तज्ज्ञसुद्धा कधीकधी विसरतात. ‘तो फारसा बोलत का नाही?’ ‘अंतर्मुख आहे म्हणून.’ ‘अंतर्मुख कशावरून?’ ‘फारसा बोलत नाही ना!’ अशा उत्तराने आपण गोल फिरून तिथेच येतो.

प्रश्नावलीची कूळकथा युद्धातली आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने कोलमडणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थने ११६ प्रश्न तयार केले, उत्तर हो किंवा नाही. झोप, स्वप्नं, भीती, चक्कर अशी विचारपूस. प्रश्न तयार होईपर्यंत युद्धच संपलं, पण पुढच्या बहुतेक चाचण्यांनी त्याचा साचा उचलला. साच्यातली अडचणही तिथलीच: माणूस खरं सांगेल कशावरून?

मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी यावर चतुर तोड काढली. १९४३ मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत काही विधानं अशी पेरली होती की त्यांतला किरकोळ दोष झाडून सगळ्यांत असतो. क्वचित राग येणं, कधीतरी थोडी निंदानालस्ती करणं. यांतलं काहीच आपल्या हातून होत नाही म्हणणारा एक तर संत असेल किंवा पेपर तपासणाऱ्यासमोर पॉलिश करून बसलेला. अशाच्या बाकीच्या उत्तरांकडेही सावधपणे पाहायचं. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक विधानाला मान डोलावणं. म्हणून प्रश्नावलीत ‘मला गर्दीत मजा येते’ याच्याबरोबर ‘गर्दीतून कधी एकदा सुटतो असं होतं’ हेही ठेवतात आणि दुसऱ्याचे गुण उलटे मोजतात.

चाचणी बरी की वाईट हे दोन कसोट्यांवर ठरतं. महिन्याभराने तीच चाचणी दिली तर निकाल साधारण तोच येतो का, ही विश्वसनीयता. आणि ती ज्यासाठी बनवली तेच मोजते का, ही सप्रमाणता. मिळालेल्या गुणांना एकटं ठेवून काही अर्थ नसतो. चाळीस गुण म्हणजे जास्त की कमी, ते त्याच वयाच्या, त्याच समाजातल्या मोठ्या गटाशी ताडूनच सांगता येतं. अमेरिकेतल्या गटावर बसवलेल्या तक्त्याने नागपूरच्या उमेदवाराला मोजणं हे त्यामुळे सरळसरळ चूक आहे, आणि ती चूक आपल्याकडे वरचेवर होते.

माणसाला थेट न विचारता त्याच्या तोंडून स्वभाव वदवून घेण्याचीही एक परंपरा आहे. स्वित्झर्लंडच्या हर्मान रोरशाखने १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा चित्रं छापली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या डागांचा पुढे एवढा गाजावाजा होईल हे त्याला ठाऊक होण्याचं कारण नव्हतं. विचारांतला विस्कळीतपणा ओळखायला ते डाग थोडेफार उपयोगी पडतात. त्यांतून काढलेले बाकीचे बरेच निष्कर्ष तपासणीत टिकलेले नाहीत. आपल्याकडे ही परंपरा ज्यांच्या वाट्याला येते ती मुलं म्हणजे खडकवासल्याला एनडीएत जाऊ पाहणारी. निवड मंडळात त्यांना पुसट चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात, १५-१५ सेकंदांनी एकेक शब्द दाखवत ६० शब्दांवर मनात येईल ते लिहून घेतात, आणि ६० प्रसंग देऊन अर्ध्या तासात विचारतात की तुम्ही काय कराल. घाईत माणूस स्वतःला सजवू शकत नाही असा हिशेब. आता या चाचण्यांची तयारी करून घेणारे वर्ग गल्लोगल्ली निघालेत. गोष्टीतला नायक धीट, परोपकारी आणि वेळेवर पोहोचणारा असतो हे उमेदवाराला आधीच पाठ असतं. मंडळ मात्र या लेखी चाचण्यांवरच विसंबत नाही, मैदानातली गटकामं आणि मुलाखतही त्यात असते. पाच दिवसांच्या प्रक्रियेतला हा भाग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे माणूस वागताना दिसतो.

कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत मात्र दुसऱ्याच चाचणीची चलती असते. चार इंग्रजी अक्षरांची ओळख देणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी घडवली. दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. इझाबेलची तर रहस्यकथेला बक्षीस मिळवणारी लेखिका म्हणून आधी ओळख झाली होती. कार्ल युंगचं १९२१ मधलं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक त्यांचा आधार. माणसं सोळा प्रकारांची असतात असं ही चाचणी सांगते. शिक्षण नसल्याचं मला वावगं वाटत नाही, त्यांनी प्रश्नांवर अनेक वर्षं मेहनत घेतली होती. खोट आहे ती कापण्यात. बहुतेक माणसं रेघेच्या मधल्या गर्दीत उभी असताना बरोबर मध्यावर सुरी फिरवली की एका गुणाच्या फरकाने दोघे दोन जातींचे ठरतात, आणि टोकाचा अबोल आणि जेमतेम अबोल एका जातीचे. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की कितीतरी जणांचं निदान एक तरी अक्षर बदलतं, ते याचमुळे. माणूस तोच असतो, रेषेच्या अलीकडचा पलीकडे सरकलेला असतो एवढंच.

तरीही लोक म्हणतात, ‘अगदी बरोबर सांगितलं हो!’ या दादेची किंमत बर्ट्रम फोररने १९४८ मध्येच काढून ठेवली आहे. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी लिहून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचं त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं, वाक्यं बरीचशी पेपरस्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून कधीकधी बेचैन असता, अशा धर्तीची. ऐकणाऱ्याला वर्णन पटलं, हा चाचणी खरी असल्याचा पुरावा धरता येत नाही.

या सगळ्या इमारतीला खरा हादरा १९६८ साली बसला. वॉल्टर मिशेलने आधीचं संशोधन पुन्हा वाचून विचारलं की प्रश्नावलीतले गुण आणि प्रत्यक्षातलं वागणं यांचा सहसंबंध इतका तोकडा कसा? क्वचितच तो ०.३ च्या वर जातो. त्याच्या हाताशी ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांचा १९२८ चा अभ्यास होता. त्यांनी हजारो शाळकरी मुलांना खोटं बोलण्याच्या, नक्कल करण्याच्या, पैसे लांबवण्याच्या संधी देऊन पाहिल्या होत्या. परीक्षेत नक्कल करणारं मूल खेळातही लबाडी करतंच असं नव्हतं. पैशाला हात न लावणारं मूल घरी उत्तरं बेधडक बदलत होतं. मग ‘प्रामाणिक मूल’ असं काही असतं तरी का? पुढची जवळजवळ पंधरा वर्षं या प्रश्नावर भांडणात गेली.

उत्तर हळूहळू आलं आणि ते साधं निघालं. सेमूर एपस्टाइनने १९७९ मध्ये दाखवलं की एका दिवसाच्या वागण्यावरून दुसऱ्या दिवसाचं सांगता येत नाही, पण बऱ्याच दिवसांची सरासरी दुसऱ्या बऱ्याच दिवसांच्या सरासरीशी चांगली जुळते. फलंदाज पुढच्या डावात किती धावा काढेल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून फलंदाजाची सरासरी खोटी ठरत नाही. विल्यम फ्लीसनने २००१ मध्ये यापुढचं पाऊल टाकलं. त्याने लोकांना दोनेक आठवडे, दिवसातून अनेकदा, या घडीला तुम्ही किती बोलके, किती शिस्तीत आहात असं विचारलं. निकाल वाचून मी काही वेळ थांबलो होतो. प्रत्येक माणूस दोन आठवड्यांत अबोलपणाच्या टोकापासून बडबडीच्या टोकापर्यंत जवळजवळ सगळीकडे फिरून येत होता. एकाच माणसातला हा चढउतार दोन माणसांतल्या फरकाइतका, कधी त्याहूनही मोठा. आणि तरी प्रत्येकाचा मध्य पहिल्या आठवड्यात होता तिथेच दुसऱ्या आठवड्यात. मिशेलने स्वतःही नंतर युइची शोडाबरोबर उन्हाळी शिबिरातली मुलं पाहून वेगळा पदर उलगडला. दोन मुलं सारखीच भांडखोर असतात, पण एक चिडतं ते मोठ्यांनी दटावल्यावर, दुसरं सवंगडी जवळ आला की. ‘असं झालं की हा असं करतो’ हा ठसा ज्याचा त्याचा असतो आणि तो टिकतो. सासू-सुनांच्या घरात हे ज्ञान प्रयोगशाळेची वाट पाहत बसलेलं नव्हतं, पण ते मोजून दाखवायला कुणीतरी हवं होतं.

मग या आकड्यांचा उपयोग किती? मरी बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं की जवळपास प्रत्येक प्रकारच्या नोकरीत कर्तव्यदक्षता कामाच्या दर्जाशी जोडलेली असते. सहसंबंध ०.२ च्या आसपास. म्हणजे प्रत्यक्षात काय? कर्तव्यदक्षतेत वरच्या अर्ध्यात असलेले शंभर जण घेतले तर त्यांतले साधारण ५६ कामातही वरच्या अर्ध्यात निघतील. नाणं उडवून निवडले असते तर ५० निघाले असते. हजारो उमेदवार असलेल्या संस्थेला हे सहा जण मोलाचे. पण समोर बसलेल्या एका मुलीचं भवितव्य या कागदावरून ठरवणाऱ्याने त्या उरलेल्या ४४ जणांचा विचार करावा.

जुळ्यांच्या अभ्यासांतून माणसामाणसांतल्या स्वभावफरकापैकी सुमारे ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक दिसतो, एकेका जनुकाचा मात्र अगदी कणभर. एकाच घरात वाढल्याने भावंडं स्वभावाने सारखी होतात म्हणावं तर तो परिणाम आश्चर्य वाटावं इतका कमी भरतो. वय स्वभावाला हात लावतं. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे ९२ समूह एकत्र तपासले. विशीपासून चाळिशीपर्यंत माणसं सरासरीने अधिक शिस्तीची आणि मनाने अधिक स्थिर होत जातात.

पाच हा आकडा मात्र जगभर सारखाच लागू पडेलसं दिसत नाही. बोलिव्हियात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात शिकार, मासेमारी आणि थोडी शेती करून राहणाऱ्या चिमाने लोकांकडे मायकेल गर्व्हन आणि सहकाऱ्यांनी ६३२ प्रौढांना तोंडी प्रश्न विचारले. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षात पाच घटक नव्हते. दोनच मोठे घोळके, एक लोकांशी वागण्याचा आणि दुसरा कष्टाळूपणाचा. त्याच वर्षी हिंदीतल्या स्वभाववाचक शब्दांवरचा अभ्यास आला, तेव्हा संशोधकांना काही घटकांसाठी सात्त्विक, राजस, तामस हीच नावं योग्य वाटली. मोजक्याच ओळखीच्या माणसांत जन्म काढणाऱ्या समाजात गुणांच्या जोड्या वेगळ्या जमत असतील, हा गर्व्हन यांचा तर्क विचार करण्याजोगा आहे.

उरतो एक व्यवहारी प्रश्न: विचारायचं कुणाला? सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये माणसाचं स्वतःबद्दलचं मत आणि मित्रांचं मत प्रयोगशाळेतल्या वागण्याशी ताडून पाहिलं. काळजी, धास्ती, आतली घालमेल हे ज्याचं त्यालाच नीट कळतं. बुद्धी आणि कल्पकता याबाबत मित्रांचा अंदाज सरस ठरला, बहुधा तिथे आपला अहंकार आड येतो. नोकरीतल्या कामगिरीबद्दलही हेच दिसलं: सहकाऱ्यांनी आणि वरिष्ठांनी दिलेले कर्तव्यदक्षतेचे गुण, माणसाने स्वतःला दिलेल्या गुणांपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज चांगला देतात. कोस्टा-मॅक्रेंच्या प्रश्नावलीची ओळखीच्या माणसाने भरायची आवृत्ती तयारच आहे, फक्त ‘मी’च्या जागी ‘तो’ किंवा ‘ती’. नोकरभरतीत मात्र कागद अजूनही उमेदवाराच्याच हातात दिला जातो, आणि त्यावरच्या ‘मी कामं वेळेवर पूर्ण करतो’ या वाक्यापुढे आजवर फारशा कुणी ‘नाही’वर खूण केलेली नसावी.